जंगलाला लागून एक एकर

गेला शनिवार मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे, एका डोंगरउतारावर उभं राहून काढला. ऑफिसमध्ये काढलेल्या शनिवारांपेक्षा बरा गेला म्हणायचा. पण परत येताना डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून हे लिहितोय. आज जरा रागाने लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधीच्या कंपनीतल्या आम्हा चौघांचा एक जुना ग्रुप आहे. दोन-तीन महिन्यांनी भेटायचं, मिसळ चापायची, मॅनेजर लोकांचा उद्धार करायचा आणि "यार, हे सगळं सोडून कुठेतरी जंगलात जाऊन राहिलं पाहिजे" या वाक्यावर उठायचं. दहा-बारा वर्षं हे वाक्य अगदी निरुपद्रवी होतं. मागच्या महिन्यात एकाने जाहिरात पाठवली आणि ते निरुपद्रवी राहिलं नाही.

जाहिरातीचा मतलब असा: नैसर्गिक जंगलाला लागून एक एकर, त्यात दोन खोल्यांचं तयार कौलारू घर. शेजार नाही. एका बाजूला ओढा, दोन बाजूंना वनखात्याची हद्द. समोर कधीच बांधकाम होणार नाही, याची खात्री.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. समोर बांधकाम का होणार नाही? कारण समोरची जमीन सरकारी जंगल आहे. म्हणजे विकणारा माणूस स्वतःच्या एका एकराबरोबर, स्वतःच्या नसलेल्या शेकडो एकरांचे पैसे लावतोय. हीच जमीन, हीच माती, हेच घर जंगलापासून आठ-दहा किलोमीटर अलीकडे असतं तर निम्म्या भावात मिळालं असतं, हे त्या एजंटनेच अभिमानाने सांगितलं. मग उरलेली निम्मी किंमत कशाची? जंगलाची. ती त्याला कोणी आणि कशाबद्दल द्यायची?

पण हे सगळं नंतर सुचलं. शनिवारी सकाळी मी पण इतरांइतकाच खूष होतो, हे कबूल करतो.

मी आणि जंगल

माझं खूष होणं समजायला मी कुठला हे सांगायला हवं. मी जुना जालन्याचा. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. आमच्या बाजूला रेल्वे स्टेशन, गांधी चमन, आनंदी स्वामींचं मंदिर. बियाणं आणि लोखंडी सळया यांसाठी गाव प्रसिद्ध. 'जालना सोने का पालना' असं आमच्याकडचे म्हातारे अजून म्हणतात. त्या पाळण्यात झाडं मात्र कमी. जंगलाचं प्रमाण राज्यात सगळ्यात कमी असलेल्या जिल्ह्यांमध्ये आमचा नंबर लागतो. वरच्या अंगाला भोकरदनकडे अजिंठ्याच्या डोंगरांची चाहूल लागते तेवढीच.

त्यामुळे जंगल म्हणजे आमच्यासाठी पुस्तकातली गोष्ट. माडगूळकरांचं 'नागझिरा' मी दहावीच्या सुट्टीत माळवदावर झोपून वाचलं. (माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो.) अंगणातला एक कडुलिंब सोडला तर डोळ्यासमोर हिरवं काही नव्हतं. अशा माणसाला ताम्हिणीच्या अलीकडे पावसाळ्यानंतरच्या हिरव्या उतारावर उभं केलं, की तो चेकबुक काढणारच.

चेकबुकात पैसे कुठून येणार होते? तर एकराची किंमत एक कोटी, चौघांत पंचवीस-पंचवीस लाख. माझे पंचवीस लाख म्हणजे जुना जालन्याचं आमचं घर. आई-बाबा चार वर्षांपासून पुण्याला माझ्याकडे आहेत, घराला कुलूप आहे. बाबा आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या पालखीसाठी जातात, दोन दिवस राहून, झाडून-पुसून परत येतात. गल्लीतल्या एका व्यापाऱ्याला ती जागा दुकानांसाठी हवी आहे. म्हणजे माळवद, लिंब आणि आड देऊन जंगलाचा पाव एकर. व्यवहार म्हणून बघितलं तर चोख.

साईट व्हिजिट

घर खरंच छान होतं. ओटा, झोपाळा, मागे ओढ्याचा आवाज. मूळ मालक मुंबईचे. सहा वर्षांपूर्वी बांधलेलं. मी सवयीने विचारलं, "मग विकतायत का?" (आपल्या धंद्यात कोणी चालणारी सिस्टीम सोडून जात असेल तर आधी लॉग बघायचे असतात.) एजंट म्हणाला, "येणं होत नाही हो सर त्यांचं."

मी घराच्या मागून दोनशे पावलं खाली उतरलो. तिथे लॉग मिळाला. खालच्या उताराचे बारा तुकडे पाडलेले होते. तारा, गेट, 'खाजगी मालमत्ता'च्या पाट्या. तीन घरं उभी होती, एकावर जेसीबी चालू होता, एका घरातून सकाळी अकरा वाजता गाणी वाजत होती. जाहिरातीतला फोटो अशा कोनातून काढला होता की यातलं काहीच दिसू नये. मुंबईच्या साहेबांनी सहा वर्षांपूर्वी हाच एकांत विकत घेतला होता, याच खात्रीवर. आता तो संपला म्हणून ते पुढे सरकले असणार, आणखी आतल्या जंगलाला लागून.

वर येताना एक आजी भेटल्या. डोक्यावर लाकडांची मोळी. मी बाजूला झालो तर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमीबी घ्यायला आला का?" मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "हितनं आमची वाट व्हती पान्याची. तारा लागल्या म्हून आता वरनं जातो." रागावून नव्हे, माहिती द्यावी तसं. पाऊण तासाचा वळसा पडतो म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मित्रांना हे सांगितलं. एक म्हणाला, "आपण ठेवू ना वाट. आपण तसले नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला मुद्दा: शेवटचं घर आपलंच असावं

जंगलालगतच्या घराचा गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-मी, एका विचित्र अटीवर पैसे देतो. माझ्यापर्यंत रस्ता यावा, वीज यावी, नेटवर्क यावं, आणि माझ्यानंतर कोणी येऊ नये. बाराच्या बारा प्लॉटवाल्यांची हीच अट आहे. प्रत्येकाला शेवटचं घर हवंय आणि प्रत्येकजण पुढच्याला रस्ता करून देतोय. आपल्यासाठी आलेला विजेचा खांब हा पुढच्या प्लॉटची जाहिरात असतो.

ही गोष्ट जिथे आपल्या आधी घडली तिथे काय झालं? अमेरिकेत रानाला खेटून राहण्याची हौस फार जुनी. १९९० ते २०१० या वीस वर्षांत तिथली रानालगतची घरं ३ कोटी ८ लाखांवरून ४ कोटी ३४ लाखांवर गेली. एवढी माणसं रानात घुसली की दोन गोष्टी एकदम होतात. आग लागायची कारणं वाढतात, आणि आगीत सापडणारी घरंही वाढतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाईज नावाचं झाडीतलं गाव वणव्यात गेलं. ८५ माणसं मेली, १८ हजारांवर इमारती जळाल्या. नावाचा अर्थ स्वर्ग.

आपलं रान वेगळं आहे, मान्य. आपल्याकडे बाकीच्या गोष्टी होतात. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फार धरून ठेवत नाही. वर बोअर मारली की खालच्या वस्तीचा झरा महिनाभर आधी आटू शकतो. रात्रभर जळणारे गार्डन लाईट आले की काजवे दिसेनासे होतात. काजव्यांची सगळी बोलणी उजेडातूनच चालतात, त्यावर आपण हॅलोजन टाकतो. कुंपण आलं की भेकराची वाट तुटते आणि आजींची पण. राखणीला कुत्री आली की बिबट्या येतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नाही, ऊसच ऊस आणि दाट लोकवस्ती, तरी तिथे बिबटे मुक्कामाला होते. शेतकरी हे निमूट सहन करतात, किंवा त्यांना करावं लागतं. वीकेंडवाले मात्र बिबट्या दिसला की आधी व्हिडिओ काढतात आणि मग पिंजरा लावा म्हणून वनखात्याला फोन करतात. ज्या जंगलासाठी जास्तीचे पन्नास लाख मोजले, त्यातला रहिवासी उचलून न्या म्हणून तक्रार!

दुसरा मुद्दा: कागद

आता तुम्ही म्हणाल हा भावनेवर चाललाय. ठीक आहे, कागदावर येऊ. तिथे तर परिस्थिती आणखी मजेशीर आहे.

आम्हा चौघांपैकी शेतकरी मी एकटा. म्हणजे आजोबांची जालना-भोकरदन रस्त्याकडची तीन एकर कोरडवाहू आहे, तिच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव आहे. आणि १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. (मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कायदा, तत्त्व तेच.) बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एजंटने तोडगा तयारच ठेवला होता. जमीन माझ्या एकट्याच्या नावावर घ्यायची, बाकी तिघांबरोबर स्टॅम्पपेपरवर समजुतीचा करार. "सगळे असंच करतात सर."

सगळे असंच करतात, हे आपल्या क्षेत्रात कोणी प्रॉडक्शनच्या डेटाबेसबद्दल बोललं तर आपण त्याला खोलीबाहेर काढू. इथे तीन इंजिनिअर प्रत्येकी पंचवीस लाख अशा कागदावर लावायला तयार होते ज्याने त्यांना मालकी मिळतच नाही. उद्या मी मेलो तर? माझी बायको, मुलगी, आई यांची नावं लागतील. माझ्या मित्रांची नाही.

पुढे बघा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्याखाली २०२३ साली राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र ठरलं, जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. आमचा वाटा दहा-दहा गुंठ्यांचा, तोही कातळावर. म्हणजे कधीही वेगळा सातबारा होणं कठीण. आणि एजंटची 'पुढे तीन घरांना जागा'? शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागतं. एका एकरात एक शेतघर. चार नाही. ते पण शेतीसाठी म्हणून, झोपाळ्यासाठी म्हणून नव्हे.

आणि सगळ्यात भारी युक्तिवाद तर चहाच्या टपरीवर आला. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघत आले आहेत. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर. वायनाडमध्ये दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. एजंट म्हणाला, "सर, हे फायनल झालं की भाव डबल. त्याच्या आत घेऊन टाका." कायदा जंगल वाचवायला येतोय, आणि तो यायच्या आत घुसा, ही त्याची जाहिरात!

"काही होत नसतं रे, कोण पाडतंय?" असं मित्र म्हणाला. तर त्याच्यासाठी फरिदाबादच्या कांत एन्क्लेव्हची गोष्ट. दिल्लीला खेटून, अरवलीच्या जंगलात, मोठ्या लोकांचे बंगले. त्या जमिनीवर १८ ऑगस्ट १९९२ ला जंगल म्हणून निर्बंध आले होते, तरी प्लॉट विकले गेले, बंगले उठले. ११ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेनंतरचं सगळं बांधकाम पाडा. २०१९ मध्ये बुलडोझर आले. घरमालकांना ५० लाख आणि ज्यांनी बांधलं नव्हतं त्यांना १८ टक्के व्याजाने पैसे परत द्यायचा आदेश होता. म्हणजे मोठ्या लोकांचं पाडताना कोर्टाने निदान भरपाई तरी सांगितली. त्याच अरवलीत, त्याच फरिदाबादमध्ये, खोरी गावात जून २०२१ मध्ये सुमारे दहा हजार घरं सहा आठवड्यांत हटवायचा आदेश झाला. ते खाणकामगार आणि मोलमजुरी करणारे होते. त्यांनी पण कुठल्यातरी दलालाकडून, कुठल्यातरी स्टॅम्पपेपरवरच जागा घेतली होती. करोनाचं वर्ष होतं.

जंगलात घर दोघांचं होतं. एकाचा शौक, दुसऱ्याचा नाईलाज. आपण कुठल्या रांगेत आहोत ते आपल्याला ठाऊक आहे.

पैशांच्या बाजूनेही स्वप्नं बघू नका. आपल्याच सह्याद्रीत मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवा म्हणून नोटीस, ऑगस्ट २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. ज्यांनी तिथे आयुष्याची पुंजी लावली ते मोठ्या कंपनीवर विसंबून होते. आपण कोणावर विसंबतोय? ज्याचं ऑफिस टपरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे त्याच्यावर.

'पण आम्ही तसले नाही'

आता तुमच्या मनातले आक्षेप घेतो. शनिवारपासून हे सगळे मी घरी ऐकलेले आहेत.

'शेतकऱ्याला पैसे मिळतात ना, त्याचं भलं होतं.' मिळावेत. कातळावरच्या नाचणीवर कोणाचं घर चालत नाही, आणि त्याने जमीन विकायची की नाही हे सांगणारा मी कोण? पण त्या एकराच्या मूळ मालकाने ती किती वर्षांपूर्वी, केवढ्याला विकली हे मी टपरीवर विचारलं. उत्तर ऐकून मान खाली गेली. मधल्या दोन हातांनी त्याचे दहापट केले होते. त्याचा मुलगा आता खालच्या प्लॉटवर वॉचमन आहे. जंगलाच्या नावाने लागलेली जास्तीची किंमत त्याला मिळाली असती तर निदान वाद घालायला जागा होती.

'जंगल कोणाचंच नसतं.' असतं. २००६ चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे अठराशे हेक्टरचा. पिढ्यान्‌पिढ्या राखलं म्हणून. त्यासाठी त्या गावाने वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, अभ्यास केला, भांडण केलं. मोळीवाल्या आजींचा त्या उतारावर जितका हक्क आहे तितका माझा, पंचवीस लाख देऊनही, नाही. आणि तरी तारा माझ्या लागणार.

'आम्ही झाडं लावू, सोलर बसवू, वाट मोकळी ठेवू. आम्ही तसले नाही.' हे सगळ्यात अवघड, कारण हे लोक खरंच चांगले असतात. माझे मित्रही आहेत. पण खाली ज्याची गाणी वाजत होती तोसुद्धा सहा महिन्यांपूर्वी हेच म्हणत असणार. आणि मी दर शनिवारी ओट्यावर बसून वाट मोकळी ठेवली तरी, विकीन तेव्हा काय? माझा गिऱ्हाईक कसला असेल ते मला निवडता येतं का? मुंबईच्या साहेबांना आलं का? शिवाय जिथे आधीच जंगल आहे तिथे जाऊन झाडं लावायची म्हणजे भरल्या विहिरीत कळशीने पाणी ओतण्यासारखं.

'थोरो पण राहिला ना जंगलात.' ही आपल्या लोकांची लाडकी ढाल. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून तो मराठीत आणला, त्यामुळे आपल्या घरी पण तो आहे. पण थोरो १८४५ मध्ये जिथे राहायला गेला ती जमीन त्याची नव्हती, मित्राची होती, इमर्सनची. त्याची झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट. तिला खर्च आला अठ्ठावीस डॉलर आणि काही सेंट. गावातलं आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तळ्याच्या कडेने रेल्वे जायची. दोन वर्षं, दोन महिने राहिला आणि परत गेला. जंगलाचा तुकडा नावावर केला नाही. आणि आपले मारुती चितमपल्ली? सगळी नोकरी वनखात्यात काढली, नवेगावबांधसारख्या जागी वर्षानुवर्षं राहिले, आणि शेवटची वर्षं सोलापुरात, गावात. तिथेच जून २०२५ मध्ये गेले. ज्यांना जंगल खरंच कळलं होतं ते तिथे पाहुण्यासारखे वागले.

बायकोचा आक्षेप मात्र खरा लागला. ती म्हणाली, "तू भाषण छान करतोस. पण मुलीला चांदण्या दिसत नाहीत, चिखल माहीत नाही, त्याचं काय करणार आहेस ते सांग." याला रविवारपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग करायचं काय

उत्तर बाबांकडून आलं, नेहमीप्रमाणे वाकड्या वाटेने. घर विकण्याचं अजून पक्कं सांगितलं नव्हतं, पण घरात असं काही लपत नाही. रविवारी सकाळी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "जंगल घ्यायलास म्हणे. अन्‌ अंगणातला लिंब काऊन इकायलास?"

मी त्यांना पाऊस-बिऊस सांगायला लागलो. तिकडे कसलं हिरवंगार असतं वगैरे. आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या जालन्याला अख्ख्या वर्षात सहाशे-सातशेच्या आसपास पडतो. एका दिवसात आमचं जवळपास वर्ष! जिथे निसर्ग एवढा देतो तिथे माझ्या पंचवीस लाखांची गरजच काय? तिथे मी फक्त कमी करू शकतो. जिथे तो देत नाही तिथे मी काही वाढवू शकतो.

आणि हे नुसतं बोलणं नाही. जालना तालुक्यातलंच कडवंची बघा. नव्वदच्या दशकात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, विजयअण्णा बोराडे आणि गावकरी यांनी मिळून बांध घातले, चर खणले, माती अडवली. तेवढ्याच पावसात आता तिथे द्राक्षबागा आणि शेततळी आहेत. तसंच घाणेवाडीचं. निजामाच्या काळातला तो तलाव गाळाने भरत चालला होता. मागच्या दशकात, दुष्काळाच्या आगेमागे, गावातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. तेव्हा मी ऑनसाईटला होतो. बाबांनी फोनवर सांगितलं होतं, मी "अरे वा" म्हणून विषय बदलला होता. तिथे कोणी 'निसर्गरम्य' अशी जाहिरात केली नाही. आधी रम्य करायला लागणार होतं ना.

आजोबांची तीन एकर तशीच पडून आहे. चुलतभाऊ कधी तूर टाकतो, कधी नाही. बांधावर एक बाभूळ आणि दोन बोरी. शेजारी जंगल सोडा, झाडही नाही. एकांत मात्र भरपूर, फुकट. आणि रात्री चांदण्या एवढ्या की माझ्या मुलीला मोजता येणार नाहीत.

सोमवारी मित्रांना सांगितलं की माझं नाव वापरता येणार नाही. एकजण "बरं झालं" म्हणाला. दुसरा आठवडाभर बोललेला नाही. तिसरा दुसरा शेतकरी शोधतोय, आणि त्याला मिळेलही. त्यामुळे मी त्या उताराला वाचवलं वगैरे माझा गैरसमज नाही. ते घर विकलं जाईल. आजींचा वळसा आहे तसाच राहील. मला फक्त माझी तार तिथे लावायची नाही.

तुम्हाला पण अशी जाहिरात कधी ना कधी येणारच आहे, विशेषतः बोनसच्या आसपास. तेव्हा टोकन द्यायच्या आधी तीन कामं करा. तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि फेरफार काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, वन किंवा वनहक्क असा शब्द कुठे दिसतोय का बघा. मग घराच्या मागच्या बाजूने दोनशे पावलं खाली उतरा. आणि मग तिथल्या वस्तीवर जाऊन विचारा की पाण्याची वाट कुठून जाते. एवढं करूनही घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण मग 'निसर्गप्रेम' हा शब्द वापरू नका. हौस म्हणा. हौसेला माझी ना नाही.

आमचं म्हणाल तर दिवाळीत जालन्याला जातोय. माळवद गळतंय, दोन तुळया बदलाव्या लागतील. माळवदाचं काम येणारा एकच मिस्त्री बाबांच्या माहितीत उरलाय, आणि त्याचं वय सत्तर आहे. त्याला फोन केला. म्हणाला, "लवकर या."